दवाखान्यात दिलेला पत्ता

बाटली दोनशे मिलीची होती आणि तिच्यात साधारण एकशे साठ उरलं होतं. नेस्ताने ती खिडकीच्या उजेडात धरली, सावकाश फिरवली, बुडाखालीही पाहिलं. गुलाबी, खडूसारखं औषध काचेला चिकटून हळूहळू खाली उतरलं. कंपनीचं लेबल होतं. दवाखान्याची चिठ्ठी नव्हती.

दवाखान्याच्या औषधखिडकीतून काहीही बाहेर पडलं तरी त्यावर पांढरी चिठ्ठी डकवलेली असायची. नाव, किती चमचे, जेवणाआधी की नंतर, तारीख. मागच्या वर्षी तिचा घोटा मुरगळला तेव्हा दिलेल्या साध्या पट्टीच्या वेष्टणावरही ‘नेस्ता प्रॉसर, हेनवेर्न’ असं छापलेलं होतं. ही बाटली इद्वलने वीस दिवसांपूर्वी आणली होती. डॉक्टरने दिली म्हणाला होता. वीस दिवसांत चाळीस मिली, म्हणजे आठ चमचे. म्हणजे औषध तो घेतही नव्हता.

तिने बाटली होती तशी फळीवर ठेवली आणि बूट चढवून मेंढवाड्याकडे गेली.

मार्चचा शेवटचा आठवडा होता. तीनशे दहांपैकी एकशे सत्तर मेंढ्या व्यायल्या होत्या, एकशे चाळीस बाकी होत्या. चार दिवस डोंगरावरून गारठ्यासकट आडवा पाऊस येत होता आणि पत्र्याखाली ओल्या लोकरीचा, आयोडीनचा, चिकाचा वास कोंडून राहिला होता. इद्वल पेंडीचं पोतं उचलत होता. पूर्वी तो पोतं खांद्यावर घेऊन चालायचा. आता ते मांडीवर टेकवायचं, तिथून कठड्यावर, मग क्षणभर थांबायचं, असं त्याचं चाललं होतं. कमरेच्या पट्ट्याला त्याने आरीने दोन नवी भोकं पाडली होती आणि पट्ट्याचं टोक शेपटासारखं बाजूला लोंबत होतं.

“कोपऱ्यातली ती काळ्या तोंडाची आज व्यायची,” तो म्हणाला.

“पाहिलं मी. इद्वल, मागच्या वेळी कोणती डॉक्टर होती?”

“कधी?”

“बाटली आणलीस तेव्हा.”

“ती नवीन. बाई आहे.” त्याने पोत्याचा दोरा ओढला. “आम्लपित्त म्हणाली. सांगितलं होतं ना तुला.”

“वजन केलं?”

“केलं.”

“किती भरलं?”

“तुला काय मला बाजारात न्यायचंय?” तो हसला आणि हसताना त्याला ठसका लागला. ठसका बराच वेळ गेला नाही.

दुपारी तिने रस्सा केला. मटण, लीकची पात, बटाटे. त्याने मटण ताटाच्या कडेला सारलं, बटाटा काट्याने कुसकरला, रश्शात कालवला आणि चहाच्या घोटाबरोबर एकेक घास खाली ढकलला. प्रत्येक घासाला त्याची मान थोडी पुढे यायची, कोंबडीसारखी. ती पाहते आहे हे कळलं की तो हवामानाबद्दल बोलायचा. नोव्हेंबरपासून असं चाललं होतं. आधी पाव अडकायचा, मग मटण, आता बटाटाही.

डॉक्टरकडे जा म्हणून ती त्याच्या मागे लागली होती आणि तो गेलाही होता. फेब्रुवारीत एकदा, मार्चच्या सुरुवातीला एकदा. दोन्ही वेळा अपॉइंटमेंट तिनेच घेतली होती. म्हणजे तिने मेन्नाला सांगितलं होतं.

मेन्ना इद्वलची धाकटी बहीण. दवाखान्याच्या काउंटरवर बसून तिला एकवीस वर्षं झाली होती. खोऱ्यातली बाकीची माणसं सकाळी आठच्या ठोक्याला फोन लावायची, अकरावा नंबर, चौदावा नंबर ऐकत ताटकळायची आणि सव्वाआठला ‘आजच्या वेळा संपल्या’ ऐकून फोन आपटायची. हेनवेर्नच्या घरात कुणी कधी आठला फोन लावला नव्हता. रविवारी चॅपलमधून बाहेर पडताना नेस्ता मेन्नाच्या कोपराला हात लावायची आणि म्हणायची, “इद्वलला घाल गं गुरुवारी कुठेतरी.” मेन्ना मान हलवायची. सोमवारी वेळ कळायची. पुढच्या रविवारी डझनभर अंडी मेन्नाच्या पिशवीत जायची. लोक कुरकुरायचे, पण कोणाची ना कोणाची नणंद कुठे ना कुठे बसलेलीच असते.

आता रविवार पाच दिवसांवर होता. चिठ्ठी लावायची औषधखिडकीतल्या मुलीकडून राहिली असेल, असं नेस्ताने स्वतःला सांगितलं. मात्रा तरी विचारून घेऊ.

बुधवारी सकाळी आठला दोन मिनिटं असताना ती पाण्याच्या टाकीजवळच्या फाटकावर जाऊन उभी राहिली, कारण मोबाइलला रेंज फक्त तिथे यायची. निघताना तिने मेंढवाड्यात नजर टाकली होती. काळ्या तोंडाची मेंढी उभी-आडवी होत होती, पाय खरवडत होती. पाणमोट फुटून अर्धा तास झाला होता. दहा मिनिटं थांबेल, असा नेस्ताने अंदाज केला. इद्वल वरच्या रानात चारा टाकायला गेला होता.

आठला फोन लागला. “आपण रांगेत तेराव्या क्रमांकावर आहात,” यंत्र म्हणालं. मग पियानो. पाऊस मानेवरून आत उतरत होता. अकरा. नऊ. मेंढवाड्यातून मेंढीचा तो आवाज आला, दात आवळून घशातून काढतात तसा. सात. पाऊल उचललं की फोन तुटायचा, म्हणून ती हलली नाही. चार. आठ वाजून एकवीस मिनिटांनी एक मुलगी बोलली.

“कॅरिस बोलतेय. कशाबद्दल फोन केला ते थोडक्यात सांगाल?”

“मी नेस्ता प्रॉसर, हेनवेर्नहून. माझ्या नवऱ्याला तुमच्याकडून औषध दिलंय, त्यावर चिठ्ठी नाही. किती घ्यायचं तेवढं सांगा.”

“त्यांची जन्मतारीख?”

तिने सांगितली. कळफलकाचा आवाज झाला, मग थांबला.

“मिसेस प्रॉसर, मला त्यांच्याबद्दल तुमच्याशी बोलता येणार नाही. त्यांची लेखी परवानगी लागते.”

“अगं, मी बायको आहे त्याची. चौतीस वर्षं.”

“हो, पण यात ज्यांच्याशी बोलायला परवानगी आहे त्यांचं नाव दिलेलं आहे आणि...” मुलगी थांबली. आपण एक वाक्य जास्त बोललो हे तिच्या लक्षात आलं असावं. “म्हणजे, तुमचं नाव नाहीये.”

“मग कुणाचं आहे?”

“ते मला सांगता येणार नाही.”

नेस्ताने फोन दुसऱ्या कानाला लावला. बोटं बधिर झाली होती. “बरं. मग त्याला एक अपॉइंटमेंट द्या. आज नाही तर उद्या.”

“ती फोनवर नाही देता येणार. त्यांना स्वतः काउंटरवर यावं लागेल.”

“का?”

“नियम आहे. माफ करा.”

फोन बंद झाला. हा नियम नेस्ताला माहीत होता. सगळ्या खोऱ्याला माहीत होता. दवाखान्याच्या दारावर तो लाल चौकटीत लावलेला होता: ज्यांनी न कळवता दोन वेळा चुकवल्या, त्यांना पुढची वेळ फोनवर मिळणार नाही, तिसरी चुकवली तर नाव यादीतून कमी. म्हाताऱ्या ट्विमवर तो लागू झाला होता, तेव्हा लोकर कातरणीच्या वेळी सगळे हसले होते. ‘देवाला चुकवलं तर चालतं, दवाखान्याला नाही,’ असं ट्विमच म्हणाला होता आणि सर्वांत मोठ्याने इद्वल हसला होता.

दोन वेळा. फेब्रुवारी आणि मार्च. दोन्ही दिवशी तो अंघोळ करून, स्वच्छ सदरा घालून जीपमधून गेला होता.

ती मेंढवाड्यात परतली तेव्हा काळ्या तोंडाची मेंढी आडवी पडली होती. मागून कोकराचा एक खूर आणि जीभ बाहेर आली होती, जीभ सुजून निळी. नेस्ताने बाही वर ओढली, हाताला जेल लावलं आणि गुडघ्यांवर बसली. दुसरा पाय मागे राहिला होता, खांदा अडकला होता. बोटांनी तिने तो पाय चाचपला, कळ येऊन ओसरेपर्यंत थांबली, डोकं हलकेच आत ढकललं, गुडघा वाकवून पाय पुढे आणला. बाकीचं सहज झालं. कोकरू मोठं होतं, नर, व्यवस्थित वाढलेलं. तिने त्याच्या नाकातला चिकटा काढला, छाती पेंढ्याने चोळली, मागच्या पायांना धरून हवेत झुलवलं. ते हातात ओल्या कपड्यासारखं लोंबत राहिलं. वीस मिनिटं आधी हात घातला असता तर ते आत्ता कास शोधत असतं, एवढं नेस्ताला नक्की माहीत होतं.

मेंढी मागे वळून मेलेल्या पिल्लाला चाटत होती. नेस्ताने तिला थोडा वेळ चाटू दिलं.

बुधवारी दवाखाना दुपारी बंद असायचा. नेस्ता अडीचला मेन्नाच्या दारात उभी राहिली. चॅपल रो, चार नंबर. मेन्नाने दार उघडलं आणि तिच्याकडे, तिच्या बाहीवरच्या वाळलेल्या रक्ताकडे पाहिलं.

“अगं, काय झालं? इद्वल...”

“इद्वल डोंगरावर आहे. आत येऊ?”

मेन्नाने किटली ठेवली. कामाचा निळा कोट खुर्चीच्या पाठीवर होता, त्याला नावाची पाटी लावलेली होती. मेन्नाचं स्वयंपाकघर कायम असं असायचं, जणू पाहणीला कुणी येणार आहे.

“त्या कागदावर तुझं नाव आहे,” नेस्ता म्हणाली.

“कुठल्या?”

“मेन्ना, मी आज सकाळी एक कोकरू मारून आलेय. मला फार फिरवू नकोस.”

मेन्ना किटलीकडे बघत राहिली. “मला सांगता येत नाही, नेस्ता. आम्ही सही करून दिलीय. नवीन व्यवस्थापक आल्यापासून दर सहा महिन्यांनी सही घेतात. नवरा, बायको, आई, कुणी असो. काउंटरवर जे कळलं ते काउंटरवरच ठेवायचं.”

“फेब्रुवारीत मी तुला चॅपलच्या दारात सांगितलं, तू मान हलवलीस.”

“वेळ दिली होती मी त्याला. खरंच दिली होती.”

“आणि तो आला नाही हे तुला काउंटरवर बसून दिसलं. आणि पुढच्या रविवारी मी तुला अंडी दिली.”

मेन्नाने ओट्यावर दोन कप मांडले.

“ती अंडी तू घेतलीस, मेन्ना. वर म्हणालीस, बलक काय सुंदर आहेत.”

किटलीची शिट्टी वाजली. मेन्ना ती बंद करायला वळली आणि त्याच वेळी नेस्ताला फडताळावरच्या घड्याळामागे खोचलेली पाकिटं दिसली. चार होती. सर्वांत वरच्या पाकिटावर हॉस्पिटलचा शिक्का होता आणि छापलेलं होतं: इद्वल प्रॉसर, ४ चॅपल रो.

नेस्ता उठली आणि तिने ती काढून घेतली. मेन्नाने अडवलं नाही. सगळी फोडलेली होती. पहिलं डिसेंबरचं: घशातून दुर्बीण घालून तपासणी, तातडीची, तारीख, वेळ, आदल्या रात्रीपासून काही खाऊ नये. दुसरं जानेवारीचं, तेच. तिसरं: आपण दोन्ही वेळा आला नाहीत, म्हणून आपल्या डॉक्टरांकडे परत पाठवत आहोत. चौथं दवाखान्याचं, लाल चौकटीचं.

“नोव्हेंबर,” नेस्ता म्हणाली. “नोव्हेंबरात तो डॉक्टरला भेटला?”

“मेंढ्यांत एडके सोडले त्याच्या दुसऱ्या दिवशी. स्वतःहून आला.” आता मेन्ना खुर्चीत बसली होती, हात कोटाच्या बाहीवर. “डॉक्टरने लगेच हॉस्पिटलला लिहिलं. मग तो बाहेर आला आणि काचेजवळ उभा राहून मला म्हणाला, माझा पत्ता बदल, तुझा घाल. फोन पण तुझा. मी म्हटलं, नेस्ताला काय सांगू? तो म्हणाला, तू काउंटरवर आहेस, तुला काहीच सांगायचं नाही, तुझाच नियम आहे.”

“आणि तू घातलास.”

“रुग्णाने सांगितलं तर पत्ता बदलावाच लागतो. मी नाही बदलला असता तर कॅरिसने बदलला असता.” तिचा आवाज चढला. “प्रत्येक पत्र मी त्याला वाचून दाखवलं. दोनदा त्याच्यापुढे रडले. काय करायला हवं होतं मी? नोकरी घालवायची? की भाऊ? सांगितलं असतं तर पुन्हा या दारात पाऊल टाकलं नसतं त्याने, तुला माहितेय तो कसा आहे.”

“आणि असा घालवला तर चालतो?”

मेन्नाने तोंडावर हात ठेवला.

नेस्ताने पाकिटं एकावर एक नीट जुळवली. कडा सारख्या झाल्या तरी ती जुळवत राहिली. “का पण? एवढं सगळं कशासाठी?”

“मेंढ्यांसाठी.”

“कसल्या मेंढ्यांसाठी?”

“तुझ्या. तो म्हणाला, नेस्ताला कळलं तर ती कळप विकेल. तीन वर्षं गेथिन विचारतोय आणि तिच्या तोंडून हो निघत नाही. तिच्या बापाच्या मेंढ्या आहेत. माझ्या घशापायी तिला त्या विकायला लावू? मरेन पण लावणार नाही, असं म्हणाला. अगदी असंच.”

नेस्ताला वाटलं होतं की सगळ्यांत वाईट ते ऐकून झालं, पण हे त्याहून वाईट होतं. तिने चहाला हात न लावता पाकिटं कोटाच्या खिशात घातली.

“नेस्ता,” दारापर्यंत मागे येत मेन्ना म्हणाली, “मी काही कुणाचं वाईट...”

“उद्या तू काउंटरवर आहेस?”

“आहे. आठपासून.”

“मग उद्या भेटू.”

कळप तिच्या वडिलांचा होता हे खरं. त्यांच्याआधी आजोबांचा. कानाची खाच तीच: डाव्या टोकाला काटकोनात कापलेली, उजवीला खालून अर्धगोल. इद्वल लग्नानंतर हेनवेर्नला राहायला आला तेव्हा एक कुत्रा आणि एक कातर घेऊन आला होता आणि चॅपलमधली माणसं बराच काळ त्याला ‘नेस्ताचा इद्वल’ म्हणायची. मुलं झाली नाहीत. शेजारचा गेथिन आणि त्याची बायको तिशीतले होते, मेहनती, आणि त्यांना डोंगरावरचा हाच कळप हवा होता. या मेंढ्यांना कुंपणाशिवाय आपली हद्द कळत होती, आईकडून मुलीला कळत आली होती, आणि असा कळप बाजारात मिळत नाही. दर शरद ऋतूत तो दारात यायचा, टोपी हातात घेऊन. कधीही सांगा, म्हणायचा, ऐन विण्याच्या दिवसांत सांगितलंत तरी बायको आणि कुत्रा घेऊन त्याच दिवशी येतो. इद्वल म्हणायचा, नेस्ताला विचार. आणि नेस्ता म्हणायची, कातरणी होऊ दे, मग बघू. मग म्हणायची, एडके सोडू दे. मग म्हणायची, हे एक वर्ष जाऊ दे.

संध्याकाळी उजेड असतानाच तिने त्याला मेंढवाड्यात गाठलं. तो एका जुळ्यांच्या आईला आडवी धरून होता आणि कोकराच्या तोंडात सड देत होता. तिने मेंढीचं डोकं धरलं. दोघांच्या मध्ये ती मेंढी होती.

“पाकिटं मेन्नाच्या घड्याळामागे होती,” ती म्हणाली.

त्याचा हात थांबला नाही. अंगठ्याने त्याने सडातून चिकाची पहिली धार काढली, गाठ मोकळी केली, कोकराचं तोंड पुन्हा लावलं. कोकराची शेपटी हलायला लागली.

“मेन्ना बोलली?”

“नाही. तुझी बहीण पक्की आहे. मला दिसली.”

“हे विणं उरकू दे, नेस्ता. मग जातो.”

“नोव्हेंबरात एडके होते. डिसेंबरात काय होतं?”

“बर्फ.”

“जानेवारीत?”

“गाभण मेंढ्यांची तपासणी. तो यंत्रवाला त्याच दिवशी आला होता, तूच बोलावला होतास. एकशे नव्वद जुळी निघाली. तू किती खूश होतीस.”

ती खूश होती हे तिला आठवलं. त्या दिवशी हॉस्पिटलात त्याच्या नावाचा पलंग रिकामा होता आणि ती मेंढ्यांच्या पाठीवर निळ्या-लाल खुणा मारत ओरडून आकडे सांगत होती.

“मेंढ्यांच्या पोटात काय आहे ते तू यंत्र लावून बघतोस,” ती म्हणाली, “आणि मला सांगतोस की तुझं वजन केलं.”

“तुला त्रास नको म्हणून...”

“माझ्यासाठी केलंस हे म्हणू नकोस. मला खोटं सांगितलंस आणि त्यावर माझं नाव लिहिलंस. उद्या आपण आठला तिथे असू.”

“इथे कोण बघेल? उद्या सहा-सात तरी व्यायच्यात.”

“ज्या व्यायच्या त्या व्यातील.”

तो तिच्याकडे बघत राहिला. असं वाक्य हेनवेर्नमध्ये कुणी कधी बोललं नव्हतं.

गुरुवारी आठला दहा मिनिटं असताना ते दवाखान्याच्या दाराशी उभे होते. त्यांच्यापुढे दोन माणसं होती. दार उघडलं. आत जमिनीवर पिवळी पट्टी होती आणि तिच्यामागे थांबायचं होतं. काचेमागे मेन्ना, निळा कोट, नावाची पाटी. बाकांवर रक्ततपासणीसाठी साडेसातलाच आत घेतलेली माणसं बसली होती: ट्विम, पोस्टातली बाई, चॅपलचा ऑर्गन वाजवणारा. सगळ्यांनी माना हलवल्या.

“विणं सोडून इकडे?” ट्विम म्हणाला. “इद्वल, मेंढ्यांनी संप केला की काय?”

“तुझ्यासारखी लाल चौकट मिळालीय त्याला,” नेस्ता म्हणाली आणि ट्विम हसायचा थांबला.

त्यांचा नंबर आला. इद्वल काचेपुढे गेला आणि त्याने टोपी काढली. स्वतःच्या बहिणीपुढे त्याने टोपी काढली.

“नाव?” मेन्ना म्हणाली. विचारावं लागत होतं. तिच्या पाठीमागे व्यवस्थापक कसलीशी फाइल चाळत उभा होता. “जन्मतारीख? कशासाठी आलात?”

इद्वल पुटपुटला.

“जरा मोठ्याने. काचेतून ऐकू येत नाही.” मेन्नाच्या मानेवर लाल चट्टे उठले होते.

“गिळता येत नाही मला,” इद्वल म्हणाला. बाकांवरची कुजबुज बंद झाली. “पाणी जातं. बाकी काही जात नाही.”

“किती दिवसांपासून?”

“तुला माहितेय किती दिवसांपासून.”

मेन्नाने काहीतरी टाइप केलं. “दहा पन्नास. बसा.”

ते पावणेतीन तास बसले. त्या वेळात नेस्ता मनात मेंढ्या मोजत होती: कोपऱ्यातली पहिलारू, वेगळ्या कप्प्यातली लंगडी, ती तिळ्यांची. त्यांच्यापैकी एखादी आता अडली असेल. तिने ते मोजणं थांबवायचा प्रयत्न केला आणि तिला जमलं नाही. इद्वलने एकदा तिच्या हातावर हात ठेवला. तिने तो बाजूलाही केला नाही आणि धरलाही नाही.

डॉक्टर बाई तरुण होती, दमलेली. तिने इद्वलला वजनकाट्यावर उभं केलं. नोव्हेंबरपेक्षा साडेअकरा किलो कमी. मग तिने पडद्यावरून मान वळवून दोघांकडे पाहिलं.

“मी तुम्हाला खोटा धीर देणार नाही. ही दुर्बिणीची तपासणी डिसेंबरातच व्हायला हवी होती. आज मी पुन्हा लिहिते. पण तातडीच्या रांगेत हॉस्पिटलवाले फक्त अशालाच घेतात जो पुढच्या चौदा दिवसांत कुठल्याही दिवशी यायला तयार आहे. दोनदा चुकवून परत आलेलं प्रकरण आहे. ‘बघतो’ असं लिहून चालत नाही.”

“वीस एप्रिलनंतर...” इद्वल म्हणाला.

“तुम्हाला तेवढा वेळ आहे की नाही हे मला माहीत नाही, मिस्टर प्रॉसर. तुम्हालाही नाही.” तिने यंत्रातून निघालेला कागद त्याच्या हातात दिला. “काउंटरवर दिवस भरून द्या. आजच जाईल.”

आत जाऊन त्यांना दहाच मिनिटं झाली होती.

ते पुन्हा पिवळ्या पट्टीमागे उभे राहिले, मग काचेपुढे. मेन्नाने कागद आत ओढून घेतला. वर छापलेला पत्ता तिने वाचला, चॅपल रो, चार, आणि पेन हातात घेतलं. तिने इद्वलकडे पाहिलं.

“पत्ता हाच ठेवायचा?”

“हेनवेर्न,” इद्वल म्हणाला.

मेन्नाने जुना पत्ता खोडला, नवा लिहिला. पेन पुढच्या ओळीवर आलं. मागे व्यवस्थापकाचा फोन वाजत होता. ट्विमचं रक्त घेऊन झालं होतं, तरी तो कोपराशी कापूस दाबून बाकावरच बसला होता.

“पुढच्या चौदा दिवसांत,” मेन्नाने कागदावरचं वाचलं, “रुग्णाला कोणते दिवस जमणार नाहीत?”

इद्वलने कागदाकडे पाहिलं, खिडकीबाहेर डोंगराच्या दिशेला पाहिलं आणि मग नेस्ताकडे पाहिलं. नोव्हेंबरपासून पहिल्यांदा तो तिला काहीतरी खरं विचारत होता. अजूनही तो तिनेच नाही म्हणावं याची वाट पाहत होता, हे तिला दिसलं, आणि त्याचा तिला आजवर कधी आला नव्हता इतका राग आला. ती त्याच्या शेजारून पुढे झाली. काच थंड होती. आपल्याला मोठ्याने बोलावं लागणार हे तिला माहीत होतं.

“सगळे दिवस जमतील,” ती म्हणाली. “मेंढ्या मी गेथिनला देतेय. सगळ्या. आजच. लिही, मेन्ना.”